उकिडवे बसणारे कवडूजी

सेलूला मी नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्यामुळे कुणाचं इंग्रजी सुधारल्याचा पुरावा नाही. कवडूजींमुळे माझं वांग्यांविषयीचं ज्ञान मात्र बरंच सुधारलं.

ते रोज सकाळी साडेसातला सायकल हातात धरून यायचे. सायकलवर बसून येताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधलेल्या, त्यांवर ओलं पोतं. सायकल भिंतीला टेकवायची, माझ्या माठातलं तांब्याभर पाणी प्यायचं आणि ओट्याखाली उकिडवं बसायचं. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांवरून लांब सोडलेले. दोन-तीन मिनिटं एक अक्षर नाही. मला शाळेची घाई असली तरी नाही. मग मान वर करून म्हणायचे, "हं. बोला मास्तर."

मी टोपलीत हात घालून एखादं वांगं उचललं की त्यांचा चेहरा पडायचा.

"ठेवा थे खाली. तुमाले इंग्रजी येते, वांगं येत नाई."

"का? चांगलं चकचकीत आहे."

"चकचकीत तं आमचा सरपंच बी हाय." आणि टोपलीच्या तळातून एक लहानसं, काटेरी देठाचं वांगं काढून माझ्या हातावर ठेवायचे.

गावाबाहेर बोर नदीच्या अंगाला त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि कुंपणावर वाल. माणूस उंच, शिडशिडीत, चाळिशीचा. घरात बायको गिरजाबाई आणि एकुलती एक मुलगी शोभा. वाडीत विहीर होती, विहिरीपासून वाफ्यांपर्यंत मातीचे दांड काढलेले होते, आणि त्या दांडांतून पाणी फिरवणं हे कवडूजींचं खरं आयुष्य होतं. भाजी विकणं हा त्यांच्या लेखी त्यानंतरचा नाइलाज.

कवडूजी कुठेही उकिडवे बसत. रेशनच्या रांगेत, बसस्टँडवर, लग्नात, मयतीला. सगळे उभे आणि मध्येच कवडूजी जमिनीलगत. गावाने याचे आपापल्या सोयीने अर्थ लावले होते. आमच्या मुख्याध्यापकांच्या मते तो उद्धटपणा होता. भजनी मंडळाच्या मते लीनता. बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या मते आळस. मीही एक अर्थ लावला होता, की भूमीशी नातं असलेला माणूस आहे. हा अर्थ सर्वांत मूर्खपणाचा होता आणि सर्वांत चांगल्या भाषेत मांडलेला होता.

ते कधी पळत नसत, आणि त्यांचा आवाजही चढत नसे. एकदा शेजारच्या शेतकऱ्याचे बैल त्यांच्या पालकात शिरले आणि उलट तोच भांडायला आला. तो शिव्या देऊ लागला तसे कवडूजी खाली बसले.

"उभा राह्य ना बे! मी कोनाशी बोलून राह्यलो?"

"बोल तू. मी आयकून राह्यलो."

उभ्याने खाली बघत भांडणं अवघड असतं. शेजारी पाच मिनिटं ओरडला, मग त्याची मान दुखली असावी, कारण तोही समोर उकिडवा बसला. बसल्यावर दोघांनी तंबाखू मळला आणि बैल तोवर उरलेला पालक खात राहिले.

उत्तम भाजीपाल्याचं बक्षीस त्यांना मिळालं त्याची गोष्ट सेलूत अजून सांगतात. कृषिमेळावा होता. मंत्री येणार म्हणून दहा वाजता बक्षिसाच्या मानकऱ्यांना उन्हात ओळीने उभं केलं, आणि मंत्री दीड वाजता आले. मग स्वागतगीत, मग हार, मग हारांचे हार. कवडूजींचं नाव पुकारलं गेलं. ते पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. मंत्र्यांनी शाल पसरली, आणि शालीखाली कुणीच नव्हतं. कवडूजी मंत्र्यांच्या पायांशी उकिडवे बसले होते.

एक फौजदार पुढे धावला. मंत्री दोन पावलं मागे सरले. छायाचित्रकारांनी मात्र कर्तव्य केलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात हा शेतकऱ्याच्या विनम्रतेचा हृद्य क्षण म्हणून आला आणि दुसऱ्यात शेतकऱ्याचा मूक निषेध म्हणून. दोन्ही पक्षांचे तालुक्याचे पुढारी अभिनंदनाला वाडीवर येऊन गेले. कवडूजी दोघांनाही एकच सांगत होते, "माह्या डोयापुढं अंधारी आलती, भाऊ." खरं कारण सांगणारा तो एकटाच माणूस होता आणि त्याचंच कुणी छापलं नाही. मीही त्यांना पुढे काही विचारलं नाही. त्या प्रसंगावर एक चांगलं वाक्य तयार करण्यात मी गुंतलो होतो.

शोभा तेव्हा आमच्या शाळेत पाचवीत होती. काटकुळी, लांब पायांची, मधल्या सुट्टीत मुलांनाही मागे टाकणारी. ड्रिलच्या सरांनी तालुक्याच्या शर्यतीसाठी तिचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी कवडूजी शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शाळेत पाऊल ठेवलं असावं. स्टाफरूमच्या दाराशी बसले, पाणी मागितलं, दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, "मास्तर, पोरीचं नाव खोडा. तिले पयू देऊ नोका."

मी त्यांना मुलींच्या प्रगतीवर एक व्याख्यान दिलं. चांगलं पंधरा मिनिटांचं. स्त्री, समाज, शिक्षण, काहीही सोडलं नाही. स्टाफरूममधल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कवडूजींनी सगळं ऐकलं.

"तुमचं बराबर हाय," ते उठत म्हणाले. "पन नाव खोडा."

नाव खोडलं गेलं. शोभा आठ दिवस बापाशी बोलली नाही आणि मी महिनाभर त्यांच्याकडून वांगी घेतली नाहीत. ते मात्र रोज येत, ओट्याशी बसत, पाणी पीत आणि निघून जात.

त्यांच्या बसण्याचं आणि त्या खोडलेल्या नावाचं कारण मला मे महिन्यात कळलं. बाजाराचा दिवस होता. वर्ध्याकडच्या उन्हाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी ते सोसलं त्यांना गरज नाही. कवडूजी भरलेली सायकल चढावरून लोटत होते. चढ संपला, त्यांनी सायकल उभी केली, खाली बसायला वाकले आणि तसेच कोसळले.

मी पोचलो तोवर गर्दीने त्यांचा ताबा घेतला होता. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने त्याच कामासाठी पायातली चप्पल काढली. "फिट आली, फिट आली," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. आणि मग चार जणांनी, निव्वळ चांगुलपणाने, त्यांना काखेत धरून उभं केलं.

त्यांचा रंग राखेसारखा झाला. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"उभं नोका करू," ते म्हणत होते. "पडू द्या मले. मास्तर, पडू द्या."

"अहो, खाली ठेवा त्यांना," मी ओरडलो.

"हवा लागू द्या ना, सर. खाली कशी लागन हवा?"

शाळामास्तराच्या आवाजाचा आयुष्यात एकदाच उपयोग झाला तो तेव्हा. चौघांनी त्यांना खाली ठेवलं. हळूहळू रंग परत आला. डोळे उघडल्यावर कवडूजींनी पहिल्यांदा टोपल्या पाहिल्या, मग मला पाहिलं.

"वांगे तुडवले का कोनी?"

संध्याकाळी वाडीवर गेलो तेव्हा गिरजाबाईंनी सांगितलं. सासरे वाडीतल्या विहिरीवर मोट हाकताना पडले ते उठले नाहीत. वय छत्तीस. थोरले दीर शंकरपटात आपल्या जोडीमागे आरोळ्या ठोकत पळाले. बैल जिंकले. दीर जिंकल्याच्या जागी आडवे झाले आणि गेले. वय एकतीस. गावाने निदान केलं होतं, की विहिरीवरच्या आसरांचा, पाण्यातल्या देवतांचा, कोप आहे. शंकरपटाचं मैदान विहिरीपासून दोन कोस होतं. पण आसरांना चालता येतं असं गृहीत धरण्यात आलं. दरवर्षी विहिरीवर नारळ फुटत होते.

"अन् याइले बी तसंच होते," गिरजाबाई म्हणाल्या. "लहानपनापासून. म्हून थे बसतेत. बसलं का जीव भरून येते म्हनतेत. भावाले बसाचं सुचलं नाई."

शोभा चुलीपाशी होती. कवडूजींनी तिला पाण्याला पाठवलं आणि ती दाराबाहेर गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मले माहं काई नाई. बापाच्या अन् भावाच्या वरताण जगलो मी. पन हे पोरगी माह्या भावासारखी पयते. सेम तशीच. पाय टाकाची तऱ्हा बी थेच."

मला माझं व्याख्यान आठवलं. विशेषतः त्यातला स्त्री-समाज हा भाग.

वर्ध्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे त्यांना मी नेलं. त्यांच्या भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं होती की खिडकीला जागा उरली नव्हती. त्यांनी छातीला नळी लावली, मान हलवली आणि इंग्रजीत मला सांगितलं की झडप खराब आहे, हृदय कमजोर झालं आहे, ताकदीच्या गोळ्या देतो. कवडूजींनी खाली बसायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "ही काय चावडी आहे? खुर्चीवर बसा."

गोळ्या सुरू झाल्या. कवडूजींनी त्या इमानाने घेतल्या. तीन आठवड्यांत ते दोनदा पडले. आता चढही लागत नव्हता. ओट्यावरून उठले तरी अंधारी यायची. मी पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "हृदय फारच कमजोर दिसतं," आणि त्यांनी गोळ्या वाढवल्या.

कुणी सुचवलं म्हणून आम्ही वर्ध्यातल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथे नव्याने आलेली एक डॉक्टरीण होती, सत्तावीस वर्षांची, केसांची एक वेणी घातलेली. बाहेर ओळीत ती दुसऱ्या रुग्णाशी बोलत असताना तिची नजर कवडूजींकडे गेली. ते अर्थातच भिंतीशी उकिडवे होते. ती बोलता बोलता थांबली.

"बाबा, तुम्ही असे का बसलात?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. सगळ्यांनी थेट उत्तरं दिली होती.

"उभं राह्यलं का अंधारी येते, बाई. बसलं का जाते."

तिने त्यांना तिथेच, व्हरांड्यात, तपासलं. बसलेले असताना नळी लावली. मग म्हणाली, "आता उभे राहा." तिने ऐकलं. "बसा." ऐकलं. "उभे राहा." पाच-सहा वेळा. ओळीतले लोक हसायला लागले, एक म्हातारा म्हणाला, "बाई, शाळंत उठाबशा काढाच्या राह्यल्या होत्या का याच्या?" ती हसली नाही. नंतर आत नेऊन कार्डिओग्रामची पट्टी काढली, गोळ्यांची बाटली पाहिली आणि ती आपल्या टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

"हे घ्यायचं नाही. यांचं हृदय कमजोर नाहीये. उलट, फार जोरकस आहे. आतला स्नायू इतका जाड झालाय की रक्त बाहेर जायची वाटच अडते. आणि या गोळ्यांनी ते आणखी जोर करत होतं. बसलं की वाट जरा मोकळी होते, आतला आवाज कमी होतो. उभं राहिलं की वाढतो." मग तिने थोडं थांबून विचारलं, "घरात आणखी कुणी अचानक गेलंय का?"

कवडूजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं.

तिने जोर कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. पावसाळा आणि हिवाळा बरा गेला. होळीच्या सुमारास ते वाडीत पुन्हा पडले. डॉक्टरीण म्हणाली, आता ऑपरेशन. छाती उघडून, हृदय थांबवून, आतला वाढलेला भाग कापून काढायचा. हे मद्रासला होतं. तिने तिथल्या सर्जनना पत्र लिहिलं. ऑपरेशन जोखमीचं आहे, सगळेच परत येत नाहीत, हेही तिने लपवलं नाही.

गिरजाबाईंनी मला ओट्यावर येऊ दिलं नाही.

"काऊन मास्तर, तुमाले इंग्रजी येते म्हून माह्या मान्साचं कायीज कापाले नेता का मद्रासले?"

कवडूजी आतून म्हणाले, "गिरजे, थे नाई नेऊन राह्यले. मी चाललो." मग बाहेर येऊन बसले. शोभा शाळेत होती, म्हणून मोकळेपणाने बोलले. "मी असाच मेलो तं लोक म्हनतीन आसरा. उद्या पोरगी पडली तं बी आसराच म्हनतीन, नारय फोडतीन, अन् तिले उभं करतीन. मले कापून पाहू दे त्याइले. हाय तं काय हाय थे कयू दे. तिच्या कामी येईन."

दोन दिवसांनी गिरजाबाईंनी माझ्याकडे निरोप पाठवला, की मद्रासला भाकरी मिळते का विचारून ठेवा.

पैशांचं कसं जमलं ते इथे सांगत नाही. सगळ्यांचं जमतं तसंच ते जमलं. शोभाला मामाकडे ठेवून आम्ही तिघं गेलो. मद्रासला पहिले दहा दिवस तपासण्यांत गेले. मांडीतल्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत घालून त्यांनी आतला दाब मोजला. मग सर्जननी आम्हाला बोलावलं. लहानखुरे, शांत, पन्नाशीचे गृहस्थ. टेबलावर फक्त एक पाण्याचा पेला आणि कागद. भिंती कोऱ्या होत्या. मला बरं वाटलं.

ते इंग्रजीत सांगत गेले आणि मी मराठी करत गेलो. "हृदयाच्या दोन कप्प्यांमधील स्नायूंचा पडदा असमान रीतीने स्थूल झाल्यामुळे बहिर्गमनाच्या मार्गात..."

"मास्तर," कवडूजी म्हणाले, "तुमचं मराठी बी मले मद्रासीच वाटून राह्यलं."

त्यांनी पेल्यात बोट बुडवलं आणि सर्जनच्या टेबलावर पाण्याने दोन रेघा ओढल्या. "हा दांड. इकडं विहीर, इकडं वाफा. मधात दांडाच्या एका अंगाले माती चढली." त्यांनी एका रेघेला पोट काढलं. "पानी अडते. मागून मोट जोरानं मारली तं माती आनखी आत येते, अन् वाफा कोल्डाच राह्यते. असं हाय का? इचारा त्याइले."

मी विचारलं. सर्जन टेबलावर वाकले. बराच वेळ त्या ओल्या रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले की विद्यार्थ्यांना हे समजावायला त्यांना तासभर लागतो.

"मंग तुमी माती खरवडनार." कवडूजींनी रेघेच्या पोटावरून बोट फिरवलं. "कमी खरवडली तं?"

"पुन्हा अडेल," सर्जन म्हणाले.

"जास्त खरवडली तं? दांड फुटन?"

मी भाषांतर करायला जरा वेळ लावला. सर्जननी वेळ लावला नाही. "हो. पलीकडच्या कप्प्यात भोक पडू शकतं. किंवा ठोक्यांची तारच तुटते."

"अन् तिथं दिसते का चांगलं?"

"फार नाही. वरून, महारोहिणीतून, अरुंद जागेतून बघावं लागतं. बरंचसं बोटाच्या अंदाजानं."

गिरजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. कवडूजी म्हणाले, "हात दाखवा म्हना."

मला हे इंग्रजीत सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. सर्जननी खरोखर दोन्ही हात टेबलावर ठेवले. कवडूजींनी ते उलटे केले, तळवे दाबून पाहिले, बोटांची टोकं पाहिली. आपल्या टोपलीतलं वांगं पाहावं तसं.

"फावड्याचा हात नाई हा," ते शेवटी म्हणाले. "निंदनाचा हाय. तन काढाचं अन् रोपाले धक्का लागू द्याचा नाई, थो हात. चालन. किती काढसान?"

सर्जननी आपल्या करंगळीची दोन पेरं दाखवली.

"वालाची एक शेंग," कवडूजी म्हणाले आणि सही करायला पेन मागितलं.

ऑपरेशन सकाळी आठला होतं. स्ट्रेचरवर घेताना ते मला म्हणाले, "मास्तर, एक सांगून ठेवा त्याइले. माहं काई बी झालं तं मले उभं करू नोका म्हना." मी तिथल्या नर्सला सांगितलं. तिला माझं इंग्रजी कळलं नाही किंवा कारण कळलं नाही. तिने प्रेमाने मान हलवली.

आम्ही कॉरिडॉरमध्ये थांबलो. गिरजाबाई बाकावर बसेनात. भिंतीशी जमिनीवर, नवऱ्यासारख्याच उकिडव्या. दहा वाजले. मशीन रक्त फिरवतं आणि हृदय थांबवून ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं. "आता बंद असन का?" त्यांनी साडेदहाला विचारलं. मी म्हटलं, असेल. अकराला पुन्हा विचारलं, "अजून बी बंद?" मी घड्याळ खिशात टाकलं. मी सोबत एक पुस्तक आणलं होतं. त्या पाच तासांत माझं एक पान वाचून झालं, आणि ते कशाविषयी होतं हे आज सांगता येणार नाही.

एक वाजता दार उघडलं. सर्जन स्वतः आले. टोपी तशीच, कपाळावर तिचा वळ. म्हणाले, चालू झालंय. स्वतःहून. तारही शाबूत आहे. पुढचे तीन दिवस काढले पाहिजेत.

मी हे मराठीत सांगायच्या आत गिरजाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. सर्जनच्या हातात एक छोटी काचेची बाटली होती; तपासणीला जायची होती. त्यांनी ती गिरजाबाईंसमोर धरली. आत, पाण्यासारख्या औषधात, फिकट मांसाचा एक तुकडा होता. वालाच्या शेंगेपेक्षा लहानच.

गिरजाबाई वाकून बघत राहिल्या.

"एवढ्याशासाठी?" त्या म्हणाल्या. "माहे सासरे गेले, जेठ गेले, थे एवढ्याशासाठी?"

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

तीन दिवस निघाले आणि मग तीन आठवडे. परत आल्यावर कवडूजींना बघायला अर्धं सेलू लोटलं. ते प्रत्येकाला छातीवरची सरळ खूण दाखवत आणि टाके मोजू देत. आसरांचे नारळ त्यांनी बंद केले नाहीत. मी छेडलं तेव्हा म्हणाले, "त्याइनं काई केलं नाई ना, मास्तर. उगाच इतके वर्सं नाव घेतलं त्याइचं. माफी मागाले नको?"

पुढच्या हिवाळ्यात ते सायकलवर बसून आले. मी ओट्यावरून बघतच राहिलो. उतरले, सायकल टेकवली, उभ्याउभ्याच म्हणाले, "हं. बोला मास्तर." मला बोलायला काही सुचेना. दोन मिनिटांच्या शांततेची मला सवय झाली होती.

एक गोष्ट मात्र ते पुढे ढकलत होते. डॉक्टरीणबाईने बजावलं होतं, की हे रक्तातून येतं, मुलीला तपासायला आणा. कवडूजी आधी म्हणाले, पीक निघू द्या. मग म्हणाले, परीक्षा होऊ द्या. ज्या प्रश्नासाठी माणसाने छाती फाडून घेतली त्याचं उत्तर ऐकायला तो घाबरत होता. मी या वेळी व्याख्यान दिलं नाही. जूनमध्ये माझी बदली झाली. मी जाण्याआधी आठ दिवस ते आपणहून म्हणाले, "चाला. तुमी हाय तोवर करून घेऊ."

शोभा तेव्हा तेरा वर्षांची होती. डॉक्टरीणबाईने तिची पट्टी काढली, मग नळी लावली. "बस." "उभी राहा." "बस." तेच, बापाचं केलं तेच. कवडूजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. प्रत्येक वेळी ती उठली की त्यांचे ओठ घट्ट मिटत. डॉक्टरीणबाईने डोळे मिटून फार वेळ ऐकलं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. तिने हाताने दार लावायची खूण केली. ते मी लावलं. कवडूजींना ते जमलं नसतं.

तिने कानातून नळ्या काढल्या.

"आज तरी काही नाही. पट्टीही चांगली आहे. पण हे वाढत्या वयात नंतरही दिसू शकतं. दर वर्षी आणायचं. एकही वर्ष चुकवायचं नाही."

"आनीन," कवडूजी म्हणाले.

"मंग मी पयू का?" शोभाने विचारलं. तिने ते डॉक्टरीणबाईला विचारलं, पण बघत बापाकडे होती.

"मला हरकत वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "चक्कर आली, छातीत दुखलं, तर त्याच क्षणी थांबायचं. आणि मला सांगायचं. लपवायचं नाही."

कवडूजींनी दार उघडलं.

बाहेर आलो तेव्हा सेलूची बस लांब, फाट्यावर उभी होती, इंजिन सुरू. एरवी कवडूजी म्हणाले असते, जाऊ द्या, दुसरी येईन. त्यांनी बसकडे पाहिलं, मग शोभाकडे. ती त्यांच्या बाजूने, त्यांच्याच चालीने, हळू चालत होती. तीन वर्षं तिला तसंच शिकवलं होतं.

"पाहून काय राह्यली?" ते म्हणाले. "जाय. थांबव तिले."

ती क्षणभर उभीच राहिली. मग चपला हातात घेतल्या आणि पळाली.

कवडूजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मी घाबरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय होतंय? अंधारी आली?"

"नाई मास्तर," त्यांनी नजर न हलवता सांगितलं. "पाहाले बसलो."

शोभाने बसच्या दारातली दांडी धरली, वळली आणि दुसरा हात वर केला. दम लागलेला इतक्या लांबूनही दिसत होता, पण ती उभी होती. कवडूजींनी आणखी थोडा वेळ पाहून घेतलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, धोतर झटकलं आणि घाई न करता बसकडे चालू लागले.